आबांचं लांब गाणं आणि लिनक्सच्या दोन सीड्या

"पुन्हा मुखड्यापासनं," आबा म्हणाले आणि त्यांनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं. रेकॉर्डिंगच्या मध्येच विंडोज पुन्हा अडकलं होतं.

आबा म्हणजे अंथुर्ण्याचे जुने भीमगीत गायक. पुढच्या आठवड्यात पुण्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज परत येईलच, असं डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधी त्यांचं एक तरी गाणं कॉम्प्युटरवर घ्यायचं, म्हणून त्यांच्या मुलीने, शोभाने मला बोलावलं. नव्वदचं दशक संपत आलेलं. माझं बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"आबा, जिथं तुटलं तिथनं धरलं तर?" मी विचारलं.

"न्हाय बाई. आमच्या गायन पार्टीत तुटलेलं गाणं जोडत न्हाईत."

गळा दुखत असून हा माणूस दरवेळी पहिल्याच ताकदीने गाई.

दुसऱ्या दिवशी मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या दोन सीड्या नेल्या. लिनक्स एकच, पण बांधणी ज्याची त्याची; तिला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. उसाचा रस तोच, कुणी गूळ करतं, कुणी काकवी. दोन्हींवर मी एकेक कडवं घेऊन पाहिलं. दोन्ही चालल्या. मग साहजिकच रंगीत खिडक्यांची, माउसवर चालणारी निवडली.

आबांनी पूर्ण गाणं गायलं. काही अडकलं नाही. ऐकायला लावलं, तर शेवटच्या कडव्यातल्या दोन ओळी गायब.

"गानं रंगात आलं की ह्यो नाचाया लागतोय बगा," आबांनी पडद्याकडे बोट केलं. स्क्रीनसेव्हर, म्हणजे काही मिनिटं माउस हलला नाही की पडद्यावर नाचणारी चित्रं. कॉम्प्युटर त्या नाचात गुंतला की आवाज टिपायचं राहून जाई. माझं एक कडवं त्याला जागं करण्याइतकं लांब नव्हतंच. तो बंद केला, तर आतलं दुसरंच काम सुरू झालं आणि पुन्हा ओळी गेल्या. लग्नघरात बिनकामाची माणसं मिरवतात, तशातली गत.

मग दुसरी सीडी. काळा पडदा, टाइप कराल तेवढंच काम.

"ह्यात तर कायच दिसत न्हाय," आबा म्हणाले.

"हे फक्त ऐकतं, आबा."

"मग असंच माणूस पुढं बसवावं."

त्या दिवशी गाणं अखंड उतरलं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला. उरली नुसती कुजबुज. भीमजयंतीला गावात त्या गाण्याची, कॉम्प्युटरवरून भरून घेतलेली कॅसेट लावली. मध्येच लाइट गेली. परत आल्यावर शोभा तिथूनच पुढे चालू करणार, तेवढ्यात आबांनी तिचा हात धरला.

"पुन्हा मुखड्यापासनं," ते कुजबुजले.

तेव्हापासून गिऱ्हाईक गाणारं असलं की मी मशीनचं नंतर बोलते. आधी विचारते, तुमचं सगळ्यात लांब गाणं कोणतं?