काकूंचं वाण

नाशकात बायका दोनच प्रकारच्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ज्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त तपासलंय अशा, आणि ज्यांचं तपासायचं राहिलंय अशा. पंचवटीच्या भाजीबाजारात एकदा त्यांनी एका अनोळखी बाईला असंच धरलं. "पांढरीफटक झालीयेस की गं! जेवल्यावर लगेच चहा ढोसतेस ना?" ती बिचारी खरंच ढोसत होती. मला तर पलीकडच्या गाडीवरून ओरडून विचारायच्या, "पाळी वेळेवर आली का गं?" मेथीवाला जुड्या मोजायचा थांबायचा आणि मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं. स्वतः मात्र दर पाडव्याला चहा सोडायच्या आणि रामनवमीला पुन्हा धरायच्या. "माझं रक्त चांगलंय, मला चालतो," हे वर.

त्यांचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे निव्वळ दवाखाना. बाकीच्या बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतात. काकूंनी एका वर्षी लोखंडी पळ्या लुटल्या, पुढच्या वर्षी अळीव. कोणी उखाणा घ्यायला लागली की हात आडवा. "नवऱ्याचं नाव ठाऊक आहे आम्हाला. संकल्प सांग." मग एकेकीनं मोठ्यानं म्हणायचं, उरलंसुरलं खाणार नाही, सगळ्यांबरोबर पानावर बसेन. आम्ही टिंगल करायचो आणि घरी जाऊन मुकाट्यानं ती पळी वरणात घालायचो.

बेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी थांबायचं नावच घेईना. सासूबाई म्हणाल्या, वयच आहे ते. मी आपली काकूंनीच कधीतरी सांगितलेलं धण्याचं पाणी पीत बसले. एक दिवस जिन्यात त्यांनी मला भिंतीला धरून उभी पाहिलं आणि अशा कडाडल्या! "धण्याचं पाणी गेलं चुलीत! चप्पल घाल आधी, डॉक्टरकडे चल." माझं ऑपरेशन संपेपर्यंत त्या बाहेर बाकड्यावर बसून होत्या. माझी सख्खी बहीण चांदवडहून तिसऱ्या दिवशी आली.

गेल्या दिवाळीआधी काका गेले. या संक्रांतीला सोसायटीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. काकूंना बोलवायचं का, यावर सगळ्यांचं एकच, "त्यांनाच अवघड वाटेल हो." शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या बायका आम्ही! मी तावातावानं म्हणाले, "मी बोलावणार. काय व्हायचं ते होऊ दे." आणि वर जाऊन बेल वाजवली. शपथेवर सांगते, बोलवायलाच गेले होते. काकूंनी दार उघडलं. त्यांचं मोकळं कपाळ पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "काकू, दुपारी लाडू वळायला येता का?"

"येते की," म्हणाल्या.

दुपारभर त्यांनी तिळाचे लाडू वळले. पाक कडक झाला म्हणून मला चार शब्द सुनावले, गुळात लोह किती असतं ते पुन्हा एकदा समजावलं. पावणेपाचला हात धुतले, पदराला पुसले. "निघते गं. बायका यायच्या आता."

थांबा काकू, एवढंच म्हणायचं होतं. त्या कठड्याला धरून सावकाश जिना चढत होत्या, वेळही भरपूर होता. वर त्यांचं दार लागल्याचा आवाज आला, तरी माझ्या तोंडून ते निघालं नाही.