एल्डन प्रूइटचं राहिलेलं टोक

पोस्टातल्या माणसानं पार्सल बघावं, तोंड उघडू नये, असा माझा नियम. टिल्सबर्गच्या पोस्टात खिडकीमागे मी सत्तावीस वर्षं काढली आणि हा नियम एकदाच मोडला. नको तिथे मोडला, हे आधीच सांगून टाकते.

एल्डन प्रूइट साचे बनवायच्या कारखान्यात अडतीस वर्षं होता. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. लग्न केलं नाही. उजव्या कानानं लहानपणापासून बहिरा, म्हणून सैन्यानं त्याला घेतलं नाही. त्याचा जिवलग मित्र डेल आणि तो एकाच बसनं तपासणीला गेले होते. डेल पास झाला, हा नापास. सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये डेल व्हिएतनाममध्ये मारला गेला. एल्डनला कुणी चुकून म्हणालं की कानानं तुला वाचवलं बाबा, तर तो उठून जायचा.

डेलचा त्याच वर्षीच्या मे महिन्यातला एक फोटो त्याच्या धाकट्या बहिणीच्या, नोरीनच्या, स्वयंपाकघरात लावलेला आहे. पोत्यांच्या भिंतीपुढे उघडाबंब उभा, कानामागे सिगरेट, हातात आडवी रायफल. एल्डननं निवृत्त झाल्यावर ठरवलं की ही रायफल जशीच्या तशी बनवायची. असं वेड आमच्या भागात बऱ्याच जणांना आहे. कारखाने हल्ली जुन्या धाटणीच्या नव्या रायफली विकतात, पण या मंडळींना त्या चालत नाहीत. सैन्य त्या काळी दर थोड्या महिन्यांनी काही ना काही बदलत होतं, त्यामुळे सदुसष्टच्या मेमधली रायफल अडुसष्टच्या मेमधल्या रायफलीसारखी नसते. दस्त्याच्या मागे छोटं दार हवं की नको, रंग काळा की पाटीसारखा करडा, यावर पांढऱ्या दाढ्यांची माणसं हमरीतुमरीवर येतात. त्यांचा कायदा एकच. फोटोत दिसतं ते खरं, पुस्तक काहीही म्हणो.

मुख्य सांगाडा त्यानं परवान्याच्या दुकानातून रीतसर घेतला. बाकी एकेक भाग देशभरातून शोधून मागवला, आणि तो माझ्याच खिडकीतून त्याच्या हातात गेला. नऊ वर्षं. मूठ आली, नळीवरचं तिकोनी आवरण आलं, पट्टा अडकवायची कडी आली. कडी चार वेळा आली, कारण तीन वेळा ती वर्षभर पुढची निघाली.

भाग आला की गुरुवारी दुपारी तो नोरीनकडे जायचा. भाग रुमालातून काढून फोटोशेजारी धरायचा, डोळ्याला भिंग लावायचा, आणि नोरीन टेबलावरचा दिवा उचलून वर धरायची. फोटोत ऊन डोक्यावरचं आहे, त्यामुळे सावली तशीच पडायला हवी. सावली जुळली तर भाग खरा. मग कॉफी, मग नोरीननं भाजलेला ॲपल पाय, मग अंधार पडेपर्यंत गप्पा. नोरीनचा नवरा जाऊन तेव्हाच दोन वर्षं झाली होती.

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, फोटोची एक नकल काढून ने ना. बाहेर मशीन आहे, दहा सेंटात होईल."

"नकलेत सावली मरते," तो म्हणाला.

सावलीबिवली काही नाही. घोडं कुठे पेंड खातंय हे मला कळलं होतं. टिल्सबर्गमध्ये सगळ्यांनाच कळलं होतं, फक्त त्या दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

शेवटी एकच भाग उरला. नळीच्या तोंडाशी बसणारं पोलादी टोक, तीन उघड्या पाकळ्यांचं. पुढे सैन्यानं त्या पाकळ्यांना कडं घातलं, कारण त्या झाडाझुडपांत अडकायच्या. पण डेलच्या फोटोत त्या उघड्या आहेत. नव्यानं बनवलेली हवी तितकी मिळतात, जुनं अस्सल मिळायला नशीब लागतं. ते नेब्रास्कातल्या एका म्हाताऱ्याकडे मिळालं. बुधवारी पार्सल आलं आणि एल्डननं माझ्यासमोरच उघडलं. आत तेलकट कागदात करडं टोक. त्यानं ते बोटांवर फिरवलं.

"वर्ना, बघ. हेच."

"मग झालं तर! उद्या नोरीनला दाखव, आणि संपव एकदाचं हे रामायण."

तो हसत होता, ते हसू माझ्या डोळ्यांदेखत गेलं. शुक्रवारी सकाळी तोच खोका चिकटपट्टी लावून परत माझ्यापुढे.

"हे काय?"

"काठ जाड आहे."

"बुधवारी नव्हता?"

"बुधवारी चष्मा नव्हता."

"एल्डन, चष्मा तुझ्या नाकावर होता."

"तू तिकीट लाव गं."

मी तिकीट लावलं. पुढच्या दोन वर्षांत टेनेसीचं एक टोक आलं आणि गेलं, ओरेगनचं आलं आणि गेलं. गुरुवार मात्र चुकला नाही. आता तो रिकाम्या हातानं जायचा, कुठे कुठे शोधतोय ते सांगायला. नोरीन म्हणे दिवा तरीही काढून ठेवायची.

ईस्टरआधीच्या एका शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मासळीचं जेवण होतं. माझ्यासमोर तो एकटाच बसला होता. मला राहवलं नाही.

"किती दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार आहेस? बोलून टाक तिच्याशी."

"कशाबद्दल?" तो माशाचा काटा काढत म्हणाला.

"कशाबद्दल म्हणे! टोकाबद्दल!"

त्यानं काटा ताटाच्या कडेला ठेवला. "वर्ना, तिचा भाऊ गेला आणि मी इथे राहिलो. पन्नास वर्षं जेवलो, झोपलो, पेन्शन घेतो. आता तिच्या दारात जाऊन म्हणू, की तूही मला हवीस?"

"डेल असता तर त्यानंच तुला ढकलत नेलं असतं."

"डेल असता," तो म्हणाला, आणि पुढचा काटा काढायला लागला. मीही कोशिंबीर चिवडत बसले. वाईट वाटलं, आणि रागही आला. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि अजून बसच्या त्या बाकावरून उठायला तयार नाही.

सप्टेंबरात नोरीन माझ्या खिडकीशी आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालायची. तिची मुलगी शेरिल फीनिक्सला असते आणि आईला कायमचं तिकडे बोलावत होती.

"त्या बिचाऱ्याला ते टोक का मिळत नाही गं?" नोरीननं विचारलं. "तोंड बघवत नाही त्याचं. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. मीच शोधून दिलं तर? तुला ठाऊक असेल कुणाकडे मिळेल ते."

इथे मी तोंड उघडलं. नेब्रास्काच्या म्हाताऱ्याचा पत्ता मला पाठ होता, दोन्ही बाजूंनी शिक्के मीच मारले होते. मला वाटलं, एकदा रायफल पुरी झाली की एल्डनला आडोसा उरणार नाही, झक मारत बोलावं लागेल. मी पत्ता लिहून दिला. वर शहाणपणाचं समाधानही वाटलं, काय सांगू.

वाढदिवस गुरुवारीच आला. नोरीननं मलाही बोलावलं होतं, आणि एल्डनला रायफल बरोबर आणायला सांगितलं होतं. ॲपल पाय, त्यावर एक मेणबत्ती. तिनं त्याच्यापुढे डबी ठेवली. त्यानं झाकण काढलं आणि आतलं टोक बोटांवर फिरवलं. दोन वर्षांपूर्वी आपणच परत पाठवलेलं टोक त्यानं ओळखलं असणार. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"काठ," तो घसा खाकरून म्हणाला, "काठ जरा..."

"थांब." नोरीननं काठी टेबलाला टेकवली आणि दिवा उचलून वर धरला. "नऊ वर्षं मीही हाच फोटो बघतेय, एल्डन. आता मलाही सावली कळते. बघ."

त्यानं भिंग लावलं. सावली जुळत होती. खोटं बोलायला जागाच नव्हती.

त्यानं नळीच्या आट्यांवर वॉशर चढवला, टोक लावलं आणि हळूहळू फिरवू लागला. इतकं हळू की मेणबत्ती निम्मी वितळली. शेवटी पान्याचा एक झटका दिला आणि रायफल टेबलावर आडवी ठेवली. फोटोतली आणि टेबलावरची, दोन्ही एकच.

नोरीननं दिवा खाली ठेवला. डोळे पुसले. मग त्याच्यासमोर बसली, दोन्ही हात मांडीवर घेऊन.

"झाली एकदाची," ती म्हणाली. "मग, आता पुढे काय?"

ती रायफलीबद्दल विचारत नव्हती, हे आवाजावरूनच कळत होतं. मनातल्या मनात मी ओरडत होते, बोल, गाढवा, बोल. एल्डन नळीकडे बघत होता.

"आता तेल लावून ठेवायची," तो म्हणाला. "दमट हवेत गंज धरतो."

नोरीन उठली आणि ॲपल पाय कापायला लागली. त्याला मोठा तुकडा दिला. जाताना तिनं भिंतीवरचा फोटो उतरवून त्याच्या हातात ठेवला. "हा तुझ्याकडेच शोभेल," म्हणाली. "आता तुला इथवर यायला नको, थंडीत." तिनं ते मायेनं म्हटलं होतं. एल्डननं दोन्ही हातांनी फोटो धरला आणि आभार मानले.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधल्या आठवड्यात, ती पत्ता बदलायचा फॉर्म भरायला आली. फीनिक्सचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. मी न राहवून म्हटलं, "नोरीन, इतकी घाई कशाला?"

"घाई?" ती हसली. "शेरिल दोन वर्षं मागे लागलीय. एल्डनची रायफल पुरी होईपर्यंत थांबते, असं मीच तिला सांगत होते. मला वाटायचं, काम उरलं नाही की हा माणूस काहीतरी बोलेल. आणि काम राहिलं होतं तोवर निदान यायचा तरी." तिनं पेन मला परत दिलं. "त्याला डेलच हवा होता, वर्ना. मी नुसती दिवा धरणारी."

मी तिला त्या परत गेलेल्या खोक्यांबद्दल सांगायला हवं होतं. तेव्हा मात्र मला नियम आठवला. फॉर्मवर शिक्का मारला आणि ती गेली.

एल्डन डिसेंबरात आला. पार्सल नव्हतं त्याचं कुठलं. तरी विचारलं, काही आलंय का. मी नाही म्हटलं, आणि मग नोरीन जे बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं. नेब्रास्काचा पत्ता तिला मीच दिला होता, तेही सांगितलं. वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं?" तो म्हणाला. "म्हणजे मी पहिलं टोक परत पाठवलं तेव्हापासून."

"तेव्हापासून."

"मी ती टोकं परत पाठवत होतो, आमचे गुरुवार संपू नयेत म्हणून."

"आणि ती थांबली होती तू बोलावंस म्हणून. आता तरी लिही तिला. फीनिक्सचा पत्ता देते मी."

त्याच्यामागे तिघं रांगेत उभे होते. कुणी घाई केली नाही. एल्डन खिडकीच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिला, काठ तपासावा तसा.

"काय लिहू?" तो म्हणाला. "तिच्याशी रायफलीशिवाय काही बोलायची मला सवयच नाही."

मी पत्ता लिहून कागद पुढे सरकवला. त्यानं तो वाचला, नीट घडी घातली आणि माझ्याकडेच परत दिला.