सात मासे

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात शनिवारी सकाळी मराठी आईबाप हमखास सापडायचे ते कम्युनिटी सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये. आत मुलं गणित शिकायची आणि बाहेर आम्ही बॉनेटवर चहाचा थर्मास ठेवून एकमेकांच्या मुलांची चौकशी करायचो. चौकशी कसली, टेहळणीच ती. चिनी मुलं गणितात पुढे, तेव्हा शिकवायला चिनी शिक्षिकाच हवी, हे आम्ही सगळ्या इंजिनिअरांनी एकमताने ठरवलं होतं.

शिक्षिका सव्वीस-सत्तावीस वर्षांची, जवळच्या विद्यापीठात पीएचडी करणारी. तिने तपासलेल्या कागदांवर काही गणितांशेजारी पेन्सिलीने एक छोटा मासा काढलेला असे. आडवा पडलेला, डोळा मात्र टक्क उघडा. आपल्या शाळेत बाई वहीत स्टार द्यायच्या, तसंच काहीतरी असणार असं आम्ही धरून चाललो आणि मासे मोजायला लागलो. कुणाकडे दोन, कुणाकडे तीन. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला एका शनिवारी सात मिळाले. मी कागदाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी हवेतच होतो.

त्या वर्षी माझं सगळंच छान चाललंय असं मला वाटत होतं. ही मुलगी पूर्वी शब्दाशब्दाला वाद घालायची. पोह्यांत शेंगदाणे कशाला, टोपी कशाला, मराठीत खुर्ची ‘ती’ का. आता काहीही सांगा, उत्तर एकच, “ओके, बाबा.” गणिताच्या स्पर्धांचा आणखी एक क्लास लावू? “ओके, बाबा.” पोरगी शहाणी झाली, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. “मला नाही हे बरं दिसत,” बायको एकदा म्हणाली. भांडण नसलं की तुला करमत नाही, असं म्हणून मी तो विषय उडवून लावला.

पुढच्या शनिवारी क्लास सुटल्यावर आमच्यातल्या नागपूरच्या वहिनींनी शिक्षिकेला गाठलं. त्यांच्या मुलाला एकही मासा मिळत नव्हता. घरी आणखी काय करून घेऊ, असं त्यांनी विचारलं. मी शेजारीच उभा होतो, विजेत्याच्या थाटात. शिक्षिका आधी गोंधळली, मग हसत सुटली आणि माझ्याकडे नजर जाताच एकदम गप्प झाली.

ते मार्क नव्हते. तिच्या देशात तिच्या वयाची मुलं स्वतःला खारवलेला मासा म्हणवतात, असं तिने सांगितलं. सुकत पडलेला, कूस बदलायचीही इच्छा नसलेला. विनोद म्हणून म्हणतात, पण निम्मं खरंच असतं. एखादं मूल दमलेलं असून ओढूनताणून गणित सोडवतंय असं वाटलं, की ती शेजारी मासा काढायची. म्हणजे हे राहू दे, जरा आडवा हो. मुलांना तिने पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं.

“सात मासे मी एकाच मुलीला दिलेत,” ती मला म्हणाली.

मला आधी रागच आला. “आम्ही तुला गणित शिकवायला बोलावलंय. तू त्यांना झोपायला शिकवतेस?”

ती चिडली नाही, स्वतःचं सांगू लागली. तिच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात परीक्षेला उरलेले दिवस लिहिलेले असत आणि रोज सकाळी त्यातला एक पुसला जाई. ती परीक्षा झाली, पुढची आली, तिच्यामागे आणखी एक. नोकरीच्या रांगेत पाहते तर तेच सगळे वर्गमित्र उभे. “माझी आई शिक्षिका आहे,” ती म्हणाली. “फोनवर विचारते, हल्लीच्या मुलांना झालंय तरी काय. मी म्हणते, वर्गात त्यांनाच विचार ना. तेवढं मात्र ती विचारत नाही. मलाही वेगळं शिकवता येत नाही हो. मला जसं शिकवलं तसंच येतं. म्हणून मासे काढते.”

मी फोनमधला तो फोटो उघडून मोठा करून पाहिला. सातही उत्तरं बरोबर होती. पण पुन्हापुन्हा खोडून कागदाला तीन ठिकाणी भोकं पडली होती. हाच फोटो मी ग्रुपवर मिरवला होता.

मुलगी गाडीत बसली होती. शेजारी बसलो, पण गाडी सुरू केली नाही. विचारलं, “त्या माशांचा अर्थ तुला माहीत होता?”

“एव्हरीबडी न्यू.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “यू वर सो हॅपी, बाबा.”

मी गाडीची किल्ली खिशात टाकली. मग विचारलं, “क्लास कॅन्सल करायचा?” आता ओके येणार, म्हणून मी धास्तावलो होतो. ते आलं नाही. “कॅन आय?” एवढंच म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही रडलो. पलीकडच्या गाडीतून वहिनी बघत होत्या, बघू दे म्हटलं.

घरी येऊन दोन्ही क्लास बंद केले आणि माशांचा खरा अर्थ ग्रुपवर लिहिला. मग वहिनींचा मेसेज आला, “यार, आता माझ्यासाठीच एक मासा काढून घेते.”

त्यानंतरच्या शनिवारी मुलगी अकरापर्यंत झोपली. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. आठवडाभर घरात ती फारसं बोलली नव्हती. फार उशीर तर झाला नाही ना, ही भीती माझ्या मनातून जात नव्हती. शेवटी ती उठून खाली आली, विस्कटलेल्या केसांनी टेबलाशी बसली आणि बशीकडे बघत राहिली.

“पोह्यांत परत शेंगदाणे? सीरियसली, बाबा? हाऊ मेनी टाइम्स डू आय हॅव टू से इट?”

माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच हार मानली असती तर तिला संशय आला असता, म्हणून मी चांगला पाऊण तास वाद घातला. शेंगदाण्यांशिवाय पोहे म्हणजे पोहेच नव्हेत, वगैरे. ती हात उडवत, आवाज चढवत एकेक मुद्दा खोडत गेली. बायको ओट्याशी पाठ करून हसत होती. शेवटी मी हरलो आणि तिच्या बशीतले सगळे शेंगदाणे वेचून माझ्या बशीत घेतले.