पहिल्या शनिवारचे पालक

कुमुदताईंनी आम्हा पालकांसाठी एक छापील फॉर्म केला होता. झोप – बरी, बरी नाही. भूक – बरी, बरी नाही. शाळा – बरी, बरी नाही. महिनाभर बघायचं, टिक करायची आणि पहिल्या शनिवारी दुपारी वाशीला त्यांच्या घरी आणून द्यायचा. तो फॉर्म आमच्यापैकी एकानेही कधी धड भरला नाही. ‘भूक’समोर टिक करायला जावं तर वाटायचं, अहो, पण परवा काय झालं ते तर आधी सांगू द्या! मग फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं, आणि ती बाजू भरली की उरलेलं तोंडाने सांगायचं. कुमुदताई नुसत्या वैतागायच्या. चहा मात्र परत परत टाकायच्या.

आम्ही म्हणजे नवी मुंबईतली तीन घरं. नेरूळचे आम्ही – मी शोभा, नवरा वसंत आणि साडेपाच वर्षांची असताना अनाथ मुलांच्या संस्थेतून आमच्याकडे आलेली मीनल. करावे गावाजवळच्या नव्या सोसायटीतले सावंत पतिपत्नी आणि त्यांचा सात वर्षांचा निखिल, तोही संस्थेतून आलेला. आणि दिवाळे गावच्या पार्वतीबाई. त्या मासळी विकायच्या आणि मेलेल्या बहिणीची मुलगी चंदा हिला सांभाळायच्या. तिन्ही मुलांनी लहान वयात नको ते बघितलेलं. त्या काळी ‘ट्रॉमा’ हा शब्द आमच्यापर्यंत आला नव्हता. सोशल वर्करच्या नोकरीतून रिटायर झालेल्या कुमुदताई एवढंच म्हणायच्या, “पोर तुमच्याशी भांडत नाहीये. तुमच्या आधी कुणीतरी होतं, त्याच्याशी भांडतंय. तुम्ही फक्त मध्ये उभे आहात.”

मध्ये उभं राहणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळत गेलं.

*

मीनलला येऊन दीड महिना झाला असेल. तिच्या कपाटातून कुबट वास यायला लागला. फ्रॉक बाजूला केले तर मागे पोळ्या! वाळलेल्या, बुरशी आलेल्या, एक तर मोज्यात गुंडाळलेली. मुंग्यांची रांग लागलेली.

माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. “पोटभर मिळतंय तरी चोरी?” त्या म्हणाल्या. मीनल भिंतीला पाठ लावून उभी.

कुमुदताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “ओरडू नकोस, समजावूही नकोस. तिला एक डबा दे. तिचा स्वतःचा. तो कधी रिकामा राहू देऊ नकोस.”

मग एक स्टीलचा डबा तिच्या उशाशी ठेवला. रोज त्यात गूळ लावलेल्या पोळीची गुंडाळी आणि चार बिस्किटं. ती दिवसातून दहादा झाकण उघडून बघायची. खायची नाही. नुसती बघायची.

पुढे एका एकादशीला सासूबाईंचा कडक उपास होता, नुसत्या पाण्यावर. दुपारी त्या डोळे मिटून आरामखुर्चीत पडल्या होत्या. मीनल पावलं न वाजवता गेली, त्यांच्या मांडीवर डबा ठेवला आणि कानाशी लागून म्हणाली, “आजी, खा. कुणी बघत नाहीये. आणि संपलं ना, तरी आई परत भरते!”

सासूबाईंनी साठ वर्षं एकादशी मोडली नव्हती. त्या दिवशी गूळपोळीवर मोडली.

*

सावंत एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. शिस्तीचा माणूस, पण मनाने मऊ. घरी आल्या आल्या हॉलमध्येच कंबरेचा पट्टा सर्रकन ओढून काढायची त्यांची वीस वर्षांची सवय. निखिल आला त्या दिवशीही त्यांनी तसाच काढला. पोर जागच्या जागी थिजलं. चड्डी ओली झाली.

सावंतांना आधी कळेचना. कळलं तेव्हा तो पट्टा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून बिनपट्ट्याचे कामावर जायला लागले. पँट सैल. एका हाताने ती वर ओढत प्लांटमध्ये फिरायचे.

चार दिवसांनी मॅनेजरने विचारलं, “काय सावंत, डाएट चाललंय वाटतं? पँट उतरायला लागली!”

“नाही साहेब,” सावंत म्हणाले, “बाप झालोय.”

*

त्याच वर्षी गणपतीला सावंतांना गावी, कोकणात जायचं होतं. सावंतवहिनींनी पलंगाखालून सूटकेस काढली आणि कपडे भरायला घेतले. अर्ध्या तासाने बघतात तर निखिल दाराशी बसलेला. पायात बूट. मांडीवर संस्थेतून आणलेली कापडी पिशवी. त्यात त्याचे दोन जुने शर्ट.

“अरे, आता कुठे? गाडी उद्या आहे!”

निखिल खाली बघूनच म्हणाला, “मी काय केलं?”

सावंतांकडे येण्याआधी त्या पोराला तीनदा हलवलं होतं. काकाकडून मामाकडे, मामाकडून कुणाकडे तरी आणि तिथून संस्थेत. दरवेळी आधी बॅग भरली गेली होती. कुणी काही सांगितलं नव्हतं.

सावंतांनी आतून एसटीची परतीची तिकिटं आणली, तिन्ही त्याच्या खिशात घातली आणि वर सेफ्टी पिन लावली. “ही सांभाळायची जबाबदारी तुझी. हरवलीस तर आपण तिघंही तिकडेच अडकू.”

गावी आठ दिवस तो त्या खिशावर हात ठेवून हिंडला. आंघोळीलाही शर्ट खुंटीवर समोर टांगायचा. कोकणातली माणसं चौकस. जो भेटेल तो विचारायचा, “कधी आलास रे?”

निखिलचं उत्तर ठरलेलं – “रविवारी परत जाणार! तिघंही!”

*

निखिलचाच आणखी एक किस्सा. त्याच्या वर्गशिक्षिका म्हात्रेबाई करावे गावातल्याच, नुकत्या नोकरीला लागलेल्या. एकदा गोंगाट थांबवायला त्यांनी टेबलावर डस्टर जोरात आपटला. वर्ग गप्प झाला आणि निखिल बाकाखाली गेला. बाहेर येईना. मग हे रोजचंच झालं. काही वाजलं की हा खाली. मुलं हसायची. हेडमास्तर म्हणाले, “पालकांना बोलवा. हा आपल्या शाळेत चालायचा नाही.”

म्हात्रेबाईंनी पालकांना बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या हजेरीचं रजिस्टर घेऊन, साडी सावरत, निखिलच्या बाकाखाली जाऊन बसल्या आणि तिथून हजेरी घेतली. बेचाळीस मुलांची! निखिलचा नंबर आल्यावर हळूच म्हणाल्या, “आहेस ना रे?” तो म्हणाला, “हजर.” त्या उठून फळ्याकडे गेल्या.

आठवडाभर असंच. हळूहळू वर्गाला वाटायला लागलं, बाकाखाली काहीतरी स्पेशल आहे. एकेक जण खाली सरकायला लागला. “बाई, माझी पण हजेरी खाली घ्या ना!”

शेवटी निखिलच वैतागून बाहेर आला. “वर बसा रे सगळे! वर्ग आहे का काय आहे?”

*

पार्वतीबाई आमच्यात सगळ्यात कमी बोलायच्या. टोपली दारात ठेवायच्या आणि खुर्ची सोडून खाली फरशीवर बसायच्या. चंदाची आई स्टोव्हच्या भडक्यात गेली होती. पोर तेव्हा घरातच होतं. दिवाळ्याला आणल्यावर पार्वतीबाईंनी स्टोव्हला पंप मारला की चंदा धावत सुटायची ती थेट खाडीच्या धक्क्यापर्यंत.

कुमुदताई म्हणाल्या, “हळूहळू सवय लावू या. आधी स्टोव्ह नुसता लांबून दाखवायचा...”

“त्यो मी इकला,” पार्वतीबाई म्हणाल्या. “भंगारवाल्याला.”

“मग स्वयंपाक?”

“अंगनात चूल मांडलीय. चुलीला ती नाय भीत. तिला त्या आवाजाचा भेव हाय.”

“आणि पावसात?”

“वर पलास्टिक बांधलंय.”

त्या पावसाळ्यात आम्ही एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. वरून प्लास्टिक गळतंय, लाकडं ओली, डोळे लाल झालेले आणि पार्वतीबाई भाकऱ्या थापतायत. पहाटे बाजारात जायचं, दिवसभर टोपली घेऊन फिरायचं आणि वर हे! मला राहवलं नाही. मी विचारलं, “पार्वतीबाई, असं किती दिवस करणार?”

त्यांनी भाकरी उलटली. “ती म्हनंल तवर.”

*

एक गोष्ट हसत सांगता येत नाही, तरी सांगते. आमच्यात काही महिने चौथं घरही होतं. चांगली शिकलेली माणसं, मोठा फ्लॅट. त्यांनी सहा वर्षांची मुलगी आणली होती. ती चावायची, वस्तू फोडायची, ‘आई’ म्हणायची नाही. एका शनिवारी ती दोघंच आली. मुलीला संस्थेत परत सोडून आली होती. बाई रडत होत्या. पुरुष म्हणाले, “आम्ही खूप ट्राय केलं. शी डिडंट अ‍ॅडजस्ट.”

ती दोघं गेल्यावर पार्वतीबाईंनी टोपली उचलली आणि दारात थांबल्या.

“पोर हाय का लुगडं, बदलून आनाला?”

कुमुदताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या.

मी त्या घराला नावं ठेवत नाही. कारण पुढचा किस्सा माझा आहे.

*

ऑफिसातून दमून आले होते. मीनलने दुधाचं पातेलं ओढलं, ओट्यापासून हॉलपर्यंत दूधच दूध. आणि माझ्या तोंडून गेलं – “अशी वागलीस तर परत पाठवून देईन!”

शब्द गेला तो गेला. ती रडली नाही. फडकं आणून दूध पुसायला लागली.

त्यानंतर मीनल इतकी गुणी झाली की विचारू नका. स्वतःचं ताट धुवायची. कपड्यांच्या घड्या करायची. कारल्याची भाजी मुकाट खायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, “किती शहाणी झाली हो पोर!” मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

शनिवारी कुमुदताईंना कौतुकाने सांगायला गेले. त्यांनी मीनलकडे दोन मिनिटं पाहिलं. “शोभा, ही शहाणी नाही झालीय. घाबरलीय. काय बोललीस तू हिला?”

मी सगळं सांगितलं. तिथेच रडले.

घरी येऊन मीनलला जवळ घेतलं. म्हटलं, “माझं चुकलं. मी खोटं बोलले. तुला कुणीही कुठेही पाठवणार नाही.” ती म्हणाली, “बरं.” पाहुण्यांना म्हणतात तसं! मग मी रोज सांगायला लागले. वेणी घालताना, बूट घालताना. रोज तेच “बरं.”

अकराव्या दिवशी जेवताना तिने माझ्याकडे बघत बघत काचेचा ग्लास टेबलाच्या कडेला सरकवला आणि बोटाने ढकलला. खळ्ळकन फुटला. ती माझ्याकडेच बघत होती.

“पाय वर घे,” मी म्हटलं, “काच लागेल.” आणि केरसुणी आणली.

दुसऱ्या दिवशी तिने कारल्याचं ताट दोन्ही हातांनी लांब ढकललं. “शी! मला नको ही भाजी! घाणेरडी आहे!”

मी धावत खालच्या एसटीडी बूथवर गेले आणि कुमुदताईंना फोन लावला. “ताई, तिने ताट ढकललं!”

पलीकडून ताई ओरडल्या, “अभिनंदन!”

बूथवाला माझ्याकडे बघतच राहिला.

*

मीनलला सात वर्षं पूर्ण झाली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी खाली बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. ती शेजारी येऊन बसली.

“आई, मी तुझ्या पोटात होते?”

तिला खोटं सांगायचं नाही, हे आमचं ठरलेलं होतं. “नव्हतीस.”

तिने विचार केला. “मग आता येऊ?”

मी काही बोलायच्या आत ती माझ्या सैल गाऊनमध्ये शिरली. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं माझ्या बरगड्यांना टेकवून बसली. मी घड्या तशाच ठेवल्या. तिचा श्वास गरम लागत होता.

“इथे आवाज येतो,” आतून म्हणाली.

“कसला?”

“तुझा.”

बराच वेळ गेला. माझ्या पायांना मुंग्या आल्या. म्हटलं, “येतेस का बाहेर?”

“नऊ महिने झाले?”

“नाही.”

“मग?”

कुलपात किल्ली फिरली. वसंत आत आला. माझा अवतार बघून दारातच थांबला. “मीनल कुठाय?”

आतून आवाज आला, “बाबा, मी अजून जन्मले नाही!”

वसंतने बॅग खाली ठेवली. बुटांसकट माझ्यासमोर फरशीवर बसला.

“कधी येणार म्हणतायत डॉक्टर?” त्याने मला हळूच विचारलं.

“काही सांगितलं नाही.”

“असू दे,” तो म्हणाला. “थांबू.”