खळं मोकळं करायचं काम

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी मालवणजवळच्या एका तांत्रिक शाळेत शिकवत होतो. पुण्यात शिकून आलेला, तिशीच्या अलीकडचा, आणि पंचक्रोशीत कॉम्प्युटर कळणारा मी एकटाच, याची मला पक्की खात्री होती. खात्रीत काही चूक नव्हती. तिचा मला माज होता, ती चूक होती.

शाळेत एकच कॉम्प्युटर होता. एका छोट्या कंपनीने जुळवून दिलेला, पत्र्याच्या पेटीतला. तो ज्या खोलीत होता तिथे चपला काढून जायचं, असा नियम प्राचार्यांनी केला होता. पेटीच्या आत एका चिपमध्ये कंपनीने काही कामं कायमची कोरून दिलेली होती: की दाबली तर ओळखायची, पडद्यावर अक्षर काढायचं, प्रिंटरवर छापायचं. याला फर्मवेअर म्हणतात. त्याच्या वरचा सगळा कारभार, म्हणजे कोणाचं काम मेमरीच्या कुठल्या भागात राहील आणि फर्मवेअरला कधी हाक मारायची हे ठरवणारा कर्नल, मी स्वतः लिहिला होता. आठ महिने लागले होते. त्या आठ महिन्यांबद्दल मी भेटेल त्याला सांगत असे, आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत.

यंत्रावर रोज काम करणाऱ्या मात्र शाळेच्या टायपिस्ट बाई. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, कट्टा गावाच्या बाजूला वडिलांचं घर आणि सात माड. पंचवीस वर्षं त्यांनी टाइपरायटरवर काढली होती आणि त्यांनी टाइप केलेल्या कागदावर प्राचार्य न वाचता सही करत. त्या मला लहानपणापासून ओळखत होत्या. तरी शाळेत त्या मला ‘सर’ म्हणत आणि शुद्ध मराठीत बोलत; फाटकाबाहेर पाऊल पडलं की मी ‘रे’ होत असे.

त्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांची यादी यंत्रावर करायचं ठरलं. नव्वद जागा. रोज दोन-चार नवे प्रवेश व्हायचे, ती नावं बाई इंग्रजी अक्षरक्रमाने यादीत घालायच्या, पुढे गावाचं नाव, आणि यादी छापून फलकावर लावायच्या. मथळा कागदावर आधीच छापलेला असायचा, त्यामुळे एका विद्यार्थ्याला एक ओळ, बाकी काही नाही. छापून झाल्यावर यादी फ्लॉपीवर साठवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची.

नव्वद नावं बसायला जागा कमी पडत होती. मेमरीच्या मध्ये एक छोटा तुकडा होता, फर्मवेअरला त्याची आकडेमोड ठेवायला राखून दिलेला. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या झेरॉक्समध्ये लिहिलं होतं, की यंत्र सुरू होताना फर्मवेअर हा तुकडा वापरतो. ते वाचून मी मनात म्हटलं, सुरू होतानाच. तो ‘च’ माझ्या पदरचा. मी तुकडा बाईंच्या यादीला जोडून टाकला आणि आपण मोठी युक्ती केली म्हणून खूश झालो.

पंधरवड्यात बाई माझ्याकडे आल्या. काल छापलेली यादी बरोबर होती, आज उघडली तर मधल्या एका नावात एक अक्षर भलतंच होतं. मी पडद्यावरून नजर न उचलता सांगितलं, “साठवताना बोट लागलं असेल. यंत्र चुकत नाही बाई, माणूस चुकतो.”

तीन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या गावात. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पुढे कधी विचारायला आल्या नाहीत. प्रश्न मिटला असं मी समजलो. प्रत्यक्षात त्या रोज सकाळी येऊन आधी आपली चूक शोधत होत्या, आणि सापडली की गुपचूप दुरुस्त करत होत्या.

मग कट्ट्याचे एक पालक आले. छत्री दाराशी न ठेवता तशीच टेबलावर ठेवली आणि फलकावरून काढून आणलेला कागद त्यांनी बाईंसमोर आपटला. त्यांच्या मुलाच्या नावापुढे गाव लिहिलं होतं: के, यू, टी, टी, ए.

“आमच्या गावाचो कुत्रो कोणी केल्यान, ता माका सांगा!”

कचेरी हसली. मीही हसलो. बाई उठून उभ्या राहिल्या, हात जोडून म्हणाल्या, “माझी चूक आहे. लगेच नवीन कागद लावते.” त्यांनी लावला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी दुरुस्त केलेली यादी शेजारच्या क्लार्ककडून तपासून घेतली, आणि ते बघून मला किंचित वाईट वाटलं. एवढंच. उठून काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. चपला बाहेर काढल्या, आत येऊन एक टाइप केलेला कागद आणि एक शंभर पानी वही टेबलावर ठेवली. कागद म्हणजे राजीनामा, जुन्या टाइपरायटरवर केलेला. त्यात एकही चूक नव्हती.

“उद्या हा प्राचार्यांना देणार आहे,” त्या म्हणाल्या. “परवा सावंतवाडीला डॉक्टरांकडे जायचं आहे. वही त्यांना दाखवायला लिहिली आहे. त्याआधी तुम्ही एकदा बघा. तुम्ही शिकलेले आहात, सगळं नीट मांडलंय का एवढं सांगा.”

मी विचारलं, डॉक्टर कशाला.

त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर कोणी नव्हतं. मग त्या शाळेत कधी बोलत नसत तशा बोलल्या. “आवशीक शेवटाक माझा नाव आठवला नाय. तिचा असाच सुरू झाला होता. आधी एक अक्षर, मगे एक वस्तू, मगे माणूस. माका ठाऊक आसा रे, पुढे काय होता ता. मीच केलंय तिचा सगळा.” आईचं एवढं बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं की घराची दुसरी किल्ली त्यांनी शेजारणीकडे देऊन ठेवली आहे, आणि चूल पेटवून आता त्या मागच्या दारी जात नाहीत.

राजीनामा घेऊन त्या गेल्यावर मी वही उघडली. पानावर पट्टीने चार रकाने आखलेले: दिवस, काय चुकलं, कालच्या यादीत एकूण नावं, चूक कोणाची. प्रत्येक यादीखाली एकूण आकडा लिहायची त्यांना टायपिस्टची सवय होती, म्हणून तो रकाना. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द होता: माझी. ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून चाललं असतं, पण त्यांनी दर वेळी पूर्ण शब्द लिहिला होता.

मी ओळी वाचत गेलो. एका दिवशी ‘ई’च्या जागी ‘डी’, कालची नावं अडसष्ट. पुढे ‘ए’च्या जागी ‘जी’, नावं एकाहत्तर. मग ‘के’, पंच्याहत्तर. ‘ओ’, एकोणऐंशी. मध्ये दोन ओळी घरच्या होत्या: आमटीत मीठ दोनदा घातलं, छत्री एसटीत विसरले. आणि शेवटी कट्ट्याचा ‘यू’, पंच्याऐंशी.

मी थांबलो. डी, जी, के, ओ, यू. अक्षरं पुढे पुढे जात होती, मागे एकदाही आलेली नव्हती. माणसाचं डोकं बिघडलं तरी ते अक्षरक्रमाने बिघडत नाही.

यंत्राच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा असतो. ‘ए’ पासष्ट, ‘बी’ सहासष्ट, असं करत ‘झेड’ नव्वद. ‘डी’ म्हणजे अडसष्ट. ‘यू’ म्हणजे पंच्याऐंशी. छापून झालं की आपण किती ओळी छापल्या तो आकडा फर्मवेअर आपल्या राखीव तुकड्यात नोंदवून ठेवत होता, बिचारा नेमाने, कंपनीने शिकवल्याप्रमाणे. त्या जागी आता बाईंची यादी होती. कागदावर बरोबर छापलं जायचं आणि छापून झाल्याबरोबर मेमरीत एक अक्षर मरायचं; तेच फ्लॉपीवर जायचं. रोज नवी नावं मध्ये घुसल्यामुळे यादी सरकायची, म्हणून घाव रोज वेगळ्याच्या वाट्याला यायचा.

मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं. कोडं सुटल्याचा निखळ आनंद, अगदी टेबलावर हात मारण्याइतका. मग चौथ्या रकान्यावर नजर गेली. तीन वेळा ती बाई माझ्यासमोर उभी राहिली होती आणि तीन वेळा मी तिला सांगितलं होतं की यंत्र चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा द्यायला निघालेल्या बाईंना मी दारातच गाठलं. म्हटलं, आधी यादी छापा. नावं अठ्ठ्याऐंशी झाली होती. प्रिंटर कुरकुरत चालला. कागद त्यांनी नेहमीप्रमाणे पट्टी धरून ओळ न् ओळ तपासला. सगळं बरोबर होतं.

“आता कशालाही हात लावू नका,” मी म्हटलं. “मीही लावत नाही. यादीत कुठेतरी एक ‘एक्स’ आला असेल. पडद्यावर बघा.”

‘एक्स’ यादीतल्या एकाही विद्यार्थ्याच्या नावात नव्हता, आणि आमच्या बाजूच्या एकाही गावाच्या नावात नाही. वैभववाडीपासून खाली बांद्यापर्यंत शोधून बघा. बाई एका बोटाने एकच की दाबत पडदा वर सरकवत गेल्या. मधल्या भागात, वैभववाडीच्याच शेवटच्या अक्षराच्या जागी, ‘एक्स’ बसलेला होता. त्यांनी बोट पडद्याला जवळजवळ टेकवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

मग खुर्ची माझ्याकडे वळवली. “माझा डोक्या बरा आसा मां?”

“बरा आसा,” मी म्हटलं. मालवणी मी शाळेत कधी बोलत नसे.

त्या रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, मग चूक कशाची? मी घाईघाईने सांगायला लागलो की हा कंपनीचा फर्मवेअर, तो विचारल्याशिवाय मेमरीत लिहितो, माहितीपत्रक अर्धवट आहे, हे लोक असेच. तुकड्याची जागाही सांगितली, आणि ती मी यादीला कशी जोडली तेही, कारण ते वगळून गोष्ट कळली नसती. बाई ऐकत होत्या. आठ महिन्यांची कहाणी सगळ्यांनी ऐकली होती, पण मला वाटतं समजून घेऊन ऐकणारं माणूस हे पहिलंच.

“म्हणजे माडार पाडेली चढवलंस,” त्या म्हणाल्या, “आणि खळ्यात माझी सोलां वाळत घातलेली, ती तशीच ठेवलंस.”

मी म्हटलं, तसंच म्हणा.

“पाडेली वरसून नारळ टाकतलोच. ता तेचा काम. खळा मोकळा करूचा काम कोणाचा रे?”

पाडेली नारळ पाडायला चढण्याआधी खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, आमसुलांचं वाळवण उचलायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मला इंजिनिअर होऊन कळलं नव्हतं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. फर्मवेअरचा तुकडा त्याचा त्याला परत दिला. यादीसाठी कमी पडलेली जागा मी माझ्या बुद्धिबळाच्या खेळासाठी अडवून ठेवलेल्या भागातून काढली; हा भाग आहे हे आधी मी कोणाला सांगितलंच नव्हतं. आणि कर्नलमध्ये शिस्त घातली: फर्मवेअरला हाक मारायची तर छापायच्या ओळीची नक्कल त्याच्या तुकड्यात ठेवायची, मूळ यादी कुठे आहे हे त्याला कळूच द्यायचं नाही, आणि तो परतल्यावर यादी होती तशी आहे का हे पडताळायचं. नव्वदावं नाव चढलं तेव्हा बाईंनी यादी छापली, मग पडद्यावर ‘झेड’ शोधला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा शोधला. नव्हता.

त्यांनी पिशवीतून राजीनामा काढला, चार तुकडे केले आणि माझ्या टोपलीत टाकले. मग माझ्या टेबलावर राहिलेली वही माझ्यासमोर उघडली. “ही दुरुस्त करून द्या, सर. चुकीची नोंद ठेवणं बरं नाही.”

मी पेन घेतलं. चौथ्या रकान्यातला पहिला शब्द खोडला: माझी. आता त्याच्यापुढे काय लिहायचं? फर्मवेअर लिहावं, कंपनी लिहावं, असं मनात येऊन गेलं. बाई उभ्याच होत्या. मी लिहिलं: माझी. खालच्या ओळीत त्यांचा शब्द खोडला आणि तोच शब्द माझ्या अक्षरात लिहिला. मग पुढच्या ओळीत. माझं अक्षर वाईट आहे, त्यांचं छापल्यासारखं. एवढाच काय तो फरक पडत गेला.

आमटीची ओळ आली तेव्हा, लिहिण्याच्या भरात, मी तिथलाही शब्द खोडायला गेलो. बाईंनी माझा हात धरला.

“ती रवांदे,” त्या म्हणाल्या. “ती माझी. छत्रीय माझीच.”