मिरचीच्या दिवसांतली रजा

आमचे हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून, आणि मला द्यायची होती इंटरची परीक्षा. तिथेच घोडं अडलं होतं. घरचं माणूस परीक्षेला बसलं, तर पेपर संपेपर्यंत विभागात पाऊल ठेवायचं नाही, रजा काढायची, असा तिथला नियम. पण यांची साठवलेली रजा दर वर्षी आधीच संपायची. भिवापूरला मामंजी एकटे. मिरची तोडायला, वाळवायला लेक लागायचा.

मी दर वर्षी पुस्तकं काढायची आणि दर वर्षी फळीवर ठेवायची. "पुढच्या वर्षी पाहू वं," हे म्हणायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! एकदा पोळ्या लाटता लाटता बोलून गेले, "तुमच्या मिरच्यांनीच माझं शिक्षण खाल्लं."

मामंजी तेव्हा धरमपेठेत आमच्याकडेच आलेले, बाहेरच्या खोलीत सुपारी कातरत होते. मेले आता, म्हटलं. पण ते लेकालाच म्हणाले, "काहून गा, खोटं बोलून राहिली काय थे? यंदा तू नको येऊ. मिरची मी पाहतो. सूनबाईले पेपर देऊ दे."

त्या वर्षी हे खरंच रजा काढून घरी बसले. मुलीला सांभाळलं, दोनदा भात करपवला. मी चपला काढायच्या आत विचारायचे, "कसा गेला?" इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही, हे आज कबूल करते.

पेपर संपले, हे कामावर गेले. आता निकाल लागेपर्यंत विभागात कोणालाच रजा नाही. आणि नेमका तेव्हाच भिवापूरहून निरोप आला. उन्हात मिरच्या हलवताना मामंजी पडले होते, अंथरुणाला खिळले होते. यांनी बिनपगारी रजा मागून पाहिली. साहेब म्हणाले, "निकाल लागू द्या, मग खुशाल जा. तोवर रविवारी जाऊन या."

शनिवारी काम सुटल्यावर आम्ही बस धरली. अंगणात मिरच्या तशाच पसरलेल्या होत्या आणि माणसं जमली होती. मामंजी दुपारीच गेले होते.

शेजारची बाई माझा हात धरून सांगत होती, "येईल त्याले एकच इचारत होते, आमच्या सूनबाईचा निकाल लागला काय? पोरगा कधी येते, हे नाही इचारलं कधी."

माझ्या शिक्षणाचं केवढं कौतुक त्यांना, असं वाटून मी ओक्साबोक्शी रडले. पुढे पास झाले, पण पेढे यांनी आणले नाहीत आणि मीही मागितले नाहीत.

नंतर कधीतरी यांच्याकडून कळलं. निरोप घेऊन आलेल्या माणसाजवळ यांनी सांगून पाठवलं होतं, "बाबांले म्हणा, निकाल लागला का मी आलोच."