हरणाला ऐकू जाऊ नये म्हणून

मंगळवारी दुपारी दादा गेला. बुधवारी पुण्याहून मेल आला. तीन सॅम्पलपैकी कोणतं फायनल करताय, असं त्यात दादालाच विचारलं होतं.

मेल मी वाचला, कारण दादाच्या शॉपमधले मेल मीच वाचायचो. दादा माझा थोरला भाऊ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं फॅब्रिकेशनचं शॉप. फॅब्रिकेशन म्हणजे लोखंड कापायचं, वाकवायचं आणि वेल्डिंग करून त्याचं काहीतरी उभं करायचं. मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवायचो. रिटायर झाल्यावर त्याची ड्रॉइंग्ज करून द्यायला लागलो. तो खडूने फरशीवर काढायचा, मी ते कागदावर आणायचो. बोलायचं काम त्याच्याकडे होतं.

सॅम्पल होती ट्रीस्टँडची. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा सीझन असतो, परवाना मिळतो. शिकारी पहाटे झाडावर चढून तासन् तास बसतो. त्याच्यासाठी झाडाला बांधायचं हे लोखंडी मचाण. पुण्याची एक कंपनी ती तिकडे पाठवणार होती. अटी तीन. सुरक्षित हवं, आरामशीर हवं आणि आवाज बिलकुल नको. हरणाचे कान तिखट असतात.

"आपल्यात हरणाकडं नुसतं वाकडं बगितलं तरी कळंब्याच्या जेलात घालतील," दत्तू मिस्त्री म्हणाला होता. हा आमचा फोरमन. "आन तिकडं त्याला मारायला खुर्ची?"

"बरीच जणं नुसतीच बघत बसतात म्हणे," मी म्हणालो.

"मग तर लईच येडी."

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं हे शेवटचं काम. पास झालं तर शॉप चालवू. नाही झालं तर कुलूप लावू. मी काही म्हणणार नाही."

मला शॉप चालवता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण मचाण निवडता येईल असं वाटलं. मी वही काढली, तीन रकाने आखले.

पहिलं सॅम्पल 'क्लायंबर'. याचे दोन भाग. वरच्या भागाला हातांनी धरायचं, खालच्यावर पाय अडकवायचे आणि सुरवंटासारखं आळीपाळीने वर सरकायचं. शॉपच्या मागे निलगिरीचं सरळसोट झाड आहे. आमचा वेल्डर शकील हार्नेस घालून चढला. हार्नेस म्हणजे छाती-मांड्यांना आवळलेला पट्टा, झाडाला दोरीने जोडलेला. आठ फुटांवर त्याच्या पायांखालचा भाग सुटला आणि खाली आला. शकील पट्ट्याला लोंबकळत राहिला.

"हरिण दिसतंय का रं?" दत्तूने खालून विचारलं.

"हरिण न्हाय. आब्बा दिसाय लागल्यात."

"त्यास्नी माझा सलाम सांग."

शकीलचे आब्बा वारून बरीच वर्षं झाली होती. त्याला उतरवला. हार्नेस पास, क्लायंबर नापास. हसू नये अशा दिवसांत मी पाठ फिरवून हसलो.

दुसरं सॅम्पल शिडीचं. भक्कम, पण शिडी तीन तुकड्यांत जोडलेली. वारा आला की जुन्या एसटीच्या खिडक्यांसारखी वाजायची. तेही गेलं.

उरलं तिसरं, 'हँग-ऑन'. पाय ठेवायला एक जाळीदार पाट, पाठीशी सीट, आणि सगळं पट्ट्यांनी खोडाला आवळलेलं. याचं सीट दादाने स्वतः विणलं होतं. नायलॉनच्या पट्ट्या घेऊन, बाजेच्या विणीत. मी हे टांगतं मचाण चार फुटांवर बांधलं. वाळूची पोती ठेवली. दिलेल्या वजनाच्या दुप्पट झाली तरी ते हललं नाही. आरामाच्या टेस्टला दत्तूला बसवलं. विसाव्या मिनिटाला तो घोरायला लागला. मी वहीत लिहिलं: आराम, पास.

राहिला आवाज. अट अशी, की माणसाने चाळीस मिनिटं बसायचं, मध्ये उठायचं, वळायचं, परत बसायचं, आणि काही ऐकू येता कामा नये.

दत्तू वर बसला. दुसऱ्या मिनिटाला कंपाउंडबाहेरून कुणी चाललेला दिसला. "ओ पावणं! कुटं निगालासा?" पावणं थांबले. ते कागलचे निघाले आणि दत्तूच्या साडूच्या भावकीतले निघाले. टेस्ट रद्द.

शकील बसला. त्याने वरून चहा सांगितला, मग चहात साखर कमी का म्हणून तक्रार केली. टेस्ट रद्द.

माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या शॉपमध्ये चाळीस मिनिटं गप्प बसू शकणारा माणूस एकच आहे. मी आयुष्यभर तेच केलं होतं.

मी बूट घालून चढलो. बुटाचे रबरी तळवे जाळीवर कुईकुई वाजले. रबर लोखंडावर घासलं की वाजतं, हे मी पोरांना शिकवलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी चामड्याचे तळवे असलेलं काही शोधलं. घरात दादाच्या चपला होत्या. मला एक नंबर मोठ्या. त्या पिशवीतून आणल्या, निलगिरीखाली पायात घातल्या, हार्नेस आवळला आणि वर बसलो.

वळलो, तर कर्र.

मी खाली उतरलो. पाट जिथे दुमडतो तिथले वॉशर बदलले. वॉशर म्हणजे दोन लोखंडांच्या मधली चकती. पुन्हा चपला, पुन्हा वर. कर्र. बोल्टभोवती नायलॉनचे बुश, म्हणजे छोट्या नळ्या, घातले. कर्र. पाट तोलणाऱ्या केबलवर रबरी नळी चढवली, पट्टे बदलले, सगळे बोल्ट नवे घेतले. उठलो की कर्र, बसलो की कर्र. तीन दिवस गेले. बाकी कुणालाच तो आवाज ऐकू येईना, कारण ग्राइंडर चालू असायचा, आणि बंद झाला की ही मंडळी बोलायला लागायची.

"सर," दत्तू हळूच म्हणाला, "ते तुमच्याच कानात वाजतंय. दोन घास जेवत जावा की येळंवर."

शनिवारी पुण्याहून मेधा मॅडम आल्या. कंपनीच्या इन्स्पेक्टर. त्यांनी क्लायंबर आणि शिडी बघितली, मान हलवली. हँग-ऑनचं सीट दाबून बघितलं. "हे कुणी विणलं?"

"दादांनी," शकील म्हणाला.

"छान आहे. आता आवाज बघू. सगळी मशीन बंद करा. आणि प्लीज, कुणीही बोलायचं नाही."

मशीन थांबली. मी चपला घातल्या, चढलो, बसलो. दत्तूने ओठ असे मिटले होते, की जणू आत पाणी धरलंय. उद्यमनगरात इतकी शांतता मी पूर्वी ऐकली नव्हती.

मी उठलो.

कर्र.

दत्तूचा हात झटकन हलला आणि तळहातावरची तंबाखूची पुडी खिशात गेली. शकीलने मोबाइल पाठीमागे लपवला. दोघांनी एकाच वेळी शॉपच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

मग दोघांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"ऐकलंत ना?" मॅडम म्हणाल्या. "आवाज आहे. हे चालणार नाही."

"मॅडम," दत्तू म्हणाला. "स्टँड न्हाय वाजत. दादा वाजतंय."

"म्हणजे?"

"चप्पल हो! ती आवाजाची हाय. दादांनी सांगून करून घेतलेली. ती कर्र वाजली की आमी समजायचो, मालक आलं. आन सर, तुमी तीन दिस बोल्ट बदलतासा व्हय!"

कोल्हापुरात चप्पल वाजावीच लागते. न वाजणारी चप्पल घेतली तर लोक विचारतात, कुठून फसून आलास. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण रबर वाजतं, चामडं वाजत नाही, एवढंच मी वहीत लिहिलं होतं.

आधी शकील हसला. मग दत्तू पोट धरून पत्र्यावर टेकला. मॅडम ओढणी तोंडाला लावून हसत होत्या. मी चार फुटांवर हार्नेसमध्ये डोळे पुसत हसत होतो, आणि त्या हसण्यात मचाण गदगदा हलत होतं आणि एवढंसुद्धा वाजत नव्हतं. मॅडमनी ते टिपून घेतलं.

मी चपला काढून खाली दिल्या. दत्तूने त्या दोन्ही हातांनी घेतल्या. मग अनवाणी चाळीस मिनिटं बसलो. उठलो, वळलो, बसलो. दादाची वीण पाठीला छान लागत होती. पंचविसाव्या मिनिटाला एक खार खोडावरून उतरली, पाटाच्या कडेवर बसली, माझ्याकडे बघून शेपटी साफ करायला लागली.

मॅडमनी खालूनच सही केली.

आवाज शोधायला निघालेल्याने आधी स्वतःच्या पायात काय आहे ते बघावं. मी इतकी वर्षं शिकवलं, त्यात हे नव्हतं.

दादा नाही. शॉप चालू आहे. चपला केबिनच्या दाराशी असतात. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी मी त्या घालून शॉपमध्ये एक फेरी मारतो आणि दत्तूची पुडी खिशात जाते.